गर्दीचा पाठ : दोष कोणाचा आणि दार किती रुंद?



आपल्या वर्गात किंवा घरी मुलांना एक प्रश्न विचारून बघा. 'गर्दीत माणसं का दगावतात?' मी चौथी-पाचवीच्या मुलांना विचारलं, तेव्हा उत्तरं पटापट आली. 'लोक ढकलाढकली करतात.' 'रांगेत उभे राहत नाहीत.' 'घाबरून पळत सुटतात.' मोठ्यांना विचारलंत तर शब्द थोडे बदलतील, पण उत्तर बहुधा तेच येईल : लोक बेशिस्त असतात.

हे उत्तर पूर्ण चूक नाही, पण अपुरं आहे. आणि अपुरं उत्तर मुलांच्या मनात पक्कं बसलं की ती मोठेपणी प्रत्येक दुर्घटनेनंतर मेलेल्या माणसांनाच दोष देऊन मोकळी होतात. म्हणून आजचा पाठ गर्दीवर. मुलांना फुटबॉल आवडतो, तेव्हा सुरुवात एका मोठ्या फायनलपासून करू आणि मग आपल्या रेल्वेच्या जिन्यावर येऊ.

१. पॅरिसची फायनल

२८ मे २०२२. युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा म्हणजे चॅम्पियन्स लीग. तिचा अंतिम सामना लिव्हरपूल आणि रिअल माद्रिद यांच्यात होता. तो रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला व्हायचा होता, पण युक्रेनवर हल्ला झाल्यामुळे फेब्रुवारीत तो पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्स मैदानावर हलवला गेला. म्हणजे तयारीला तीनच महिने मिळाले.

त्या दिवशी एका रेल्वेमार्गावर संप होता. त्यामुळे लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक दुसऱ्या मार्गाने आले आणि एकाच बाजूने मैदानाकडे निघाले. वाटेत रस्त्याखालून जाणारा एक अरुंद मार्ग होता. तिथेच तिकिटांची पहिली तपासणी ठेवलेली होती आणि पोलिसांच्या गाड्यांनी वाट आणखी अडली होती. माणसं वाढत गेली, पुढे सरकायला जागा नव्हती. पुढच्या फाटकांपाशीही तेच. काही फाटकं बंद झाली. तिकीट हातात असलेली माणसं, लहान मुलं, चाकाच्या खुर्चीतले प्रेक्षक तासन्‌तास अडकले आणि त्यांच्यावर अश्रुधुर सोडला गेला. सामना ३६ मिनिटं उशिरा सुरू झाला. माद्रिदने तो १-० असा जिंकला.

आता खरा पाठ. मैदानातल्या फलकावर उशिराचं कारण काय दाखवलं? 'प्रेक्षक उशिरा आले.' प्रत्यक्षात ते कित्येक तास आधीपासून बाहेर उभे होते. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं की ३० ते ४० हजार लिव्हरपूलवाले विनातिकीट किंवा खोटी तिकिटं घेऊन आले होते. फाटकावर सापडलेली खोटी तिकिटं निघाली सुमारे २,६००. मैदानातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण कोणी वेळेत मागितलंच नाही, म्हणून ते सात दिवसांनी आपोआप पुसलं गेलं. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. त्याने मुख्य जबाबदारी स्पर्धा भरवणाऱ्या युएफा या संघटनेवर ठेवली. कोणाचा जीव गेला नाही याचं श्रेय अहवालाने प्रेक्षकांच्या वागण्याला दिलं. ज्यांना बेशिस्त म्हटलं, त्यांनीच एकमेकांना सांभाळलं होतं.

लिव्हरपूलच्या लोकांना ही सवय कुठून आली? १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावर, एफए कपच्या उपांत्य सामन्यात, लिव्हरपूलचे प्रेक्षक एका बंदिस्त भागात कोंडले गेले. त्या दुर्घटनेत एकूण ९७ जण गेले. तेव्हाही लगेच सांगितलं गेलं : ते दारू प्यायलेले होते, विनातिकीट घुसले होते. 'दोष प्रेक्षकांचा नव्हता' हे ज्युरीने सांगितलं २०१६ मध्ये. मध्ये २७ वर्षं गेली. शेजारच्या माणसाला कसं जपायचं हे त्या गावातल्या कुटुंबांना शिकवावं लागत नाही.

२. आता पॅरिसहून परळला येऊ

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमारास जोराचा पाऊस पडत होता. पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचं परळ ही दोन स्थानकं जोडणारा पादचारी पूल. खाली उतरणारी माणसं पावसामुळे जिन्यावरच थांबली, छत्री नसलेली पुलावर आडोशाला उभी राहिली. मागून एकामागून एक लोकल येतच होत्या. प्रत्येक गाडी आणखी माणसं पुलावर सोडत होती. पुढचा थांबलाय का, हे मागच्याला कळण्याची सोय नव्हती.

त्या जिन्यावर २३ जण गेले. कामाला निघालेली माणसं होती ती. ठाणे, डोंबिवली, कल्याणहून परळला उतरून असाच पूल ओलांडणारे आई-बाबा आपल्या प्रत्येक वर्गात आहेत.

फुलवाल्याचं ओझं पडलं, कोणी 'फूल गिर गया' म्हणालं आणि लोकांनी ते 'पूल गिर गया' असं ऐकलं, असंही तेव्हा छापून आलं. रेल्वेच्या चौकशीत मुसळधार पाऊस आणि त्यामुळे साचलेली गर्दी ही कारणं पुढे आली. पाऊस, फुलं, अफवा. ही सगळी कारणं त्या एका सकाळची. पण परळ-लोअर परळला गिरण्या जाऊन कचेऱ्यांचे टॉवर उभे राहिले होते, रोजची माणसं कित्येक पटींनी वाढली होती आणि पूल जुनाच, अरुंद राहिला होता. नवा रुंद पूल मंजूर झाला होता, पण उभा राहिला नव्हता.

अपघातानंतर काय झालं, तेही मुलांना जरूर सांगा. लष्कराने चारेक महिन्यांत तीन पादचारी पूल बांधले आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला ते खुले झाले. एक एल्फिन्स्टनला, एक करी रोडला आणि तिसरा आपल्या कल्याणपुढच्या आंबिवलीला. माणसं तीच होती, पाऊसही दरवर्षी तसाच पडतो. बदलली ती वाट. (एल्फिन्स्टन रोडचं नाव आता प्रभादेवी आहे. मुलं नकाशात शोधतील तेव्हा हे लक्षात ठेवा.)

आपल्या ठाणे स्थानकातही असंच झालं. फलाट क्रमांक पाच रुंद करायला मे २०२४ च्या अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेतला गेला. तीन दिवस सगळ्यांनी त्रास काढला, कुरकुरही केली. पण त्यानंतर त्या फलाटावर उभं राहायला जी जागा मिळाली, ती कोणी शिस्तीवर भाषण देऊन मिळाली नसती.

३. गर्दीत नेमकं काय होतं?

आपण 'चेंगराचेंगरी' हा शब्द सरसकट वापरतो. तो ऐकला की डोळ्यांसमोर येतं : लोक पळतायत आणि पडलेल्यांना तुडवतायत. पण अशा बहुतेक दुर्घटनांत माणसं उभ्या-उभ्या जातात. चारही बाजूंनी दाब आला की छाती फुगायला जागा उरत नाही आणि श्वास कोंडतो. पळायलाच काय, हात वर करायलाही जागा नसते.

समजून घ्यायचा आकडा सोपा आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोनात मोठी माणसं किती?

- दोन-तीन : आरामात चालता येतं.
- चार : चाल मंदावते, अंगाला अंग लागू लागतं.
- पाच-सहा : धोका सुरू. आपण ठरवू तिकडे वळता येत नाही.
- सातच्या पुढे : गर्दी पाण्यासारखी वाहू लागते. एका टोकाला बसलेला धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोहोचतो. पाय जमिनीवरून उचलले जाऊ शकतात.

या शेवटच्या टप्प्यावर कोणी 'धक्का मारत' नसतं. मागच्याने अर्धं पाऊल पुढे टाकलं तरी पुढे पन्नास माणसांचा भार जमा होतो. मागच्याला पुढचं दिसत नाही आणि पुढच्याचा आवाज मागे पोहोचत नाही. म्हणून मुलांना सांगा : गर्दीत तीन गोष्टी जीव वाचवतात. पुरेशी जागा, पुरेशी रुंद वाट आणि वेळेवर मिळालेली माहिती. या तिन्ही गोष्टी गर्दी जमण्याच्या आधी कोणीतरी ठरवायच्या असतात.

४. वर्गात घ्यायचे तीन उपक्रम (इयत्ता ४ थी, ५ वी)

उपक्रम पहिला : खडूचा चौकोन. मैदानात मीटरपट्टीने एक चौरस मीटर आखा. आधी एक मूल, मग दोन, मग तीन, मग चार. प्रत्येक वेळी विचारा, 'हात फिरवता येतो का? मागे वळता येतं का?' चारच्या पुढे जाऊ नका. पुढचं मुलं आपणहून ओळखतात. चौरस मीटर हे एकक यानंतर पुन्हा शिकवावं लागत नाही, हा वरचा फायदा.

उपक्रम दुसरा : राजमा आणि नरसाळं. कागदाचं नरसाळं करा, खालचं तोंड राजम्याचे दोन दाणे मावतील एवढं. राजमा थोडा-थोडा सोडा, सुरळीत पडतो. आता मूठभर एकदम ओता. दाणे तोंडाशी एकमेकांना टेकून कमान करतात आणि वाट बंद होते. वरून दाबलं तर आणखी घट्ट. मग तोंड थोडं मोठं करून तीच मूठ पुन्हा ओता. आणि शेवटी विचारा, 'राजमा बेशिस्त होता का?' वर्ग हसतो, आणि मग दोन क्षण गप्प होतो. त्या गप्प क्षणासाठी हा उपक्रम आहे.

उपक्रम तिसरा : दाराचं गणित. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेचे नियम असलेली एक पुस्तिका आहे. तिच्यानुसार सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८० माणसं आणि जिन्यावरून सुमारे ६५ माणसं जाऊ शकतात. या दोन आकड्यांवर कितीतरी उदाहरणं तयार होतात.

आपल्याजवळचंच मैदान घ्या. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने जाता येतं, आणि ती गाडी आपल्या कोपरीच्या बाजूच्या फलाटांवरूनच सुटते. १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना ३० ऑक्टोबर २०२२ ला तिथेच झाला, स्पेनने कोलंबियाला १-० असं हरवलं. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषकही तिथेच जिंकला. त्या स्पर्धेचे सामने आधी बेंगळुरूला ठरले होते. ४ जून २०२५ ला तिथल्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जण गेले आणि मग सामने नवी मुंबईत आले. मुलांना तो विजय पाठ आहे. तो आपल्या दारात का झाला, हेही त्यांना माहीत असावं.

उदाहरण १ : मैदानात ४५,००० प्रेक्षक आहेत. सगळे ८ मिनिटांत बाहेर पडायचे असतील तर एकूण किती मीटर रुंदीची दारं लागतील? (८० × ८ = ६४०. ४५,००० ÷ ६४० = सुमारे ७० मीटर.)

उदाहरण २ : त्यातले १०,००० जण ३ मीटर रुंदीच्या एकाच जिन्यावर आले तर सगळे चढून जायला किती वेळ? (६५ × ३ = १९५. १०,००० ÷ १९५ = सुमारे ५१ मिनिटं.)

दुसऱ्या उत्तराशी थांबा. मैदान आठ मिनिटांत रिकामं झालं, पण जिन्याला एक्कावन्न मिनिटं लागणार आहेत. मग उरलेली माणसं कुठे उभी राहतील? हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्या. एका मुलीने उत्तर दिलं होतं, 'सर, थोड्यांना आतच गाणी लावून बसवून ठेवायचं.' मोठे आयोजक नेमकं हेच करतात, सामन्यानंतर कार्यक्रम ठेवतात.

५. मग शिस्त शिकवायचीच नाही का?

हा प्रश्न शिक्षक-पालक विचारणारच, आणि तो रास्त आहे. शिस्त शिकवायचीच. ११ जुलै २०२१ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो स्पर्धेची फायनल होती, इटली विरुद्ध इंग्लंड. तिथे प्रेक्षकांचं वागणं खरोखरच वाईट होतं. सुमारे दोन हजार लोक विनातिकीट आत घुसले आणि त्यासाठी काहींनी अपंग प्रेक्षकांची दारं वापरली. तिथे दोष त्या लोकांचा होता, हे चौकशी अहवालाने स्वच्छ लिहिलं. पण एवढ्या मोठ्या दिवसासाठी केलेली तयारी कमी पडली, हेही त्याच अहवालाने लिहिलं.

म्हणजे मुलांना दोन वेगळे प्रश्न विचारायला शिकवायचं. पहिला : माझ्या हातात काय होतं? दुसरा : ज्यांनी दार ठेवलं, त्यांच्या हातात काय होतं? आपल्या पुस्तकांत पहिला प्रश्न भरपूर असतो. दुसरा नागरिकशास्त्राचा खरा प्रश्न आहे आणि तो बहुधा सुटून जातो.

६. मुलांना सांगायच्या गोष्टी

दिवाळी पहाटेला तलावपाळीवर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर, टेंभी नाक्याच्या देवीला, दहीहंडीला आपण मुलांना नेतोच. न्यायलाच हवं, सण घरात बसून होत नाहीत. फक्त एवढं सांगून न्या.

१. निघण्याआधी भेटण्याची जागा ठरवा, गर्दीपासून बाजूची आणि सहज दिसणारी. आई-बाबांचा नंबर मुलाच्या खिशात कागदावर लिहून ठेवा.

२. चारही बाजूंनी अंगाला अंग लागायला लागलं की निघायची वेळ झाली. 'अजून पाच मिनिटं' नको.

३. दाब वाढला तर दोन्ही हात छातीसमोर घ्यायचे, मुठी हनुवटीखाली. त्यामुळे श्वासाला जागा राहते. ओरडण्यात दम घालवायचा नाही.

४. उलट ढकलायचं नाही. लाट सोबत नेईल तिकडे जायचं आणि ती थांबली की तिरकं-तिरकं कडेला सरकायचं. पण भिंत, कठडा, बॅरिकेड यांना चिकटून राहायचं नाही.

५. काहीही पडलं तरी वाकायचं नाही. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बघायला मरीन ड्राइव्हवर प्रचंड गर्दी झाली होती. त्यानंतर रस्त्यावर चपलांचे ढीग पडलेले सगळ्यांनी पाहिले. चप्पल सोडून घरी आलेल्या मुलाला ओरडू नका. त्याने बरोबर केलं.

६. पडलोच तर कुशीवर, गुडघे पोटाशी, हातांनी डोकं झाकायचं. जमेल तितक्या लवकर उठायचं. शेजारी कोणी पडलं तर हात द्यायचा.

७. हरवलो तर गर्दीच्या उलट पळत शोधायचं नाही. पोलीस काका-ताई, दुकानदार किंवा लहान मूल सोबत असलेली बाई यांना सांगायचं. ११२ आणि १०९८ हे दोन नंबर पाठ हवेत.

लहान मूल बरोबर असेल तर पालकांनी त्याला हात धरून चालवण्याऐवजी उचलून घ्यावं. गर्दीत मोठ्यांची छाती असते त्या उंचीवर लहानांचं तोंड येतं. सामना किंवा कार्यक्रम संपल्यावर जागेवर पंधरा मिनिटं बसून राहिलात तरी काही बिघडत नाही, पुढची लोकल असतेच.

७. आणि आता आपल्या शाळेचं फाटक

शेवटी आपल्या हातातलं काम. शाळा सुटताना आपल्या फाटकाशी पाच मिनिटं उभं राहून बघा. समजा, दोन मीटरचं फाटक आहे आणि चारशे मुलं. दोन्ही झडपा उघड्या असतील तर अडीच मिनिटांत सगळी बाहेर. एकच झडप उघडली तर पाच मिनिटं. आणि त्या एका झडपेसमोर स्कूटर लावून पालक उभे असतील तर? गणित तिथेच अडतं. मग आपण आतून ओरडतो, 'मुलांनो, ढकलू नका!'

आमच्याकडे यावर तीन साधे बदल केले. दोन्ही झडपा उघडायच्या. पहिली-दुसरी पाच मिनिटं आधी सोडायची. आणि फाटकासमोर पिवळ्या रंगाची रेघ, पालकांनी तिच्या पलीकडे थांबायचं. खर्च रंगाच्या एका डब्याचा झाला. पहिला आठवडा काही पालक नाराज होते. मग पाचवीच्या मुलांनी वेळ मोजून तक्ता फाटकावर लावला, तेव्हा त्यांनीच एकमेकांना मागे व्हायला सांगितलं.

स्नेहसंमेलनाच्या दिवशीही हेच बघा. सभागृहाला दारं किती? त्यातलं कुलूपबंद कोणतं? मागच्या दाराला खुर्च्यांची चळत टेकवून ठेवली आहे का? किल्ली कोणाकडे आहे? कार्यक्रमपत्रिकेत स्वागत, दीपप्रज्वलन, आभार यांना नावं नेमून दिलेली असतात. 'दारावर कोण?' यालाही एक नाव नेमून द्या.

स्वाध्याय म्हणून मुलांना एकच काम द्या. शनिवार-रविवारी घराजवळचा एक जिना, पूल किंवा फाटक निवडायचं, त्याची रुंदी पावलांनी मोजायची आणि मिनिटाला किती माणसं जातात ते मोठ्या माणसासोबत कडेला उभं राहून मोजायचं. सोमवारी वर्गात तक्ता करायचा. एखादी वाट खरंच अरुंद निघाली तर पत्रलेखनाच्या तासाला महानगरपालिकेला किंवा स्टेशन मास्तरांना पत्र लिहा आणि ते खरोखर टपालात टाका. उत्तर आलं तर वर्गात वाचून दाखवा. नाही आलं तर महिन्याने स्मरणपत्र लिहायचं, तेही अभ्यासक्रमात आहेच.

आपल्या शाळेचं फाटक किती मीटरचं निघालं आणि मुलं किती मिनिटांत बाहेर पडली, ते आम्हाला नक्की कळवा.